आजीचे आयुष्य लिहून ठेवताना
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी कशा जपाव्यात याविषयी आलेल्या पत्रांत बहुतेक ठिकाणी आई किंवा आजीच आहे. तालुक्याच्या गावात लग्न होऊन आलेली, नोकरी नाही, फारशी कुठे सही नाही, घर-जमिनीच्या कागदावर नाव आले तर नवऱ्याच्या माघारी आलेले. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आईच्या वर्षश्राद्धाला सोळा पानांची स्मरणिका काढायची आहे. लिहायला बसलो की 'प्रेमळ, कष्टाळू, सोशिक' यापुढे पेन सरकत नाही. काय करावे? (एक मुलगा, सांगली जिल्हा)

विशेषणे बाजूला ठेवा आणि तिचा एक दिवस लिहा. आधी साल ठरवा, म्हणजे घरात तेव्हा किती माणसे होती आणि पाळण्यात कोण होते हे नक्की होते. समजा १९७४ सालातला साधा मंगळवार. ती किती वाजता उठायची? पाणी आडाचे की नळाचे? नळ किती वेळ यायचा? चूल की वातीचा स्टोव्ह? दळण घरच्या जात्यावर की गिरणीत? 'खूप काम असायचं' असे उत्तर आले की तिथेच थांबून आकडा विचारा.

तिचा हंडा माळ्यावर असेल तर खाली काढा आणि लिटरच्या बाटलीने भरून बघा. समजा तो पंधरा लिटरचा निघाला आणि सकाळच्या आठ खेपा असायच्या. म्हणजे १२० लिटर. हंड्याचे वजन सोडून १२० किलो पाणी रोज तिच्या डोक्यावरून आणि कमरेवरून घरात येत होते. घरात सोळा माणसे आणि माणशी अडीच भाकऱ्या धरल्या तर एका वेळच्या चाळीस. एक थापून, भाजून, फुगवून काढायला दोन मिनिटे लागली तरी चुलीपुढे एक तास वीस मिनिटे. एवढे छापा, 'कष्टाळू' हा शब्द लिहावाच लागणार नाही.

ही माहिती मुलांकडून मिळत नाही, कारण मुलांना ताट आठवते. स्वयंपाकघर जावांना आठवते. म्हणून चुलतीला विचारा, शेजारच्या काकूंना विचारा, तिच्याबरोबर नदीवर धुणे घेऊन जाणाऱ्या बायकांपैकी कोणी असेल तर आधी तिच्याकडे जा. अशी माणसेही वयस्कर असतात, हे काम दिवाळीनंतरवर ढकलू नका.

छपाईचे गणित असे : मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात. ए-५ आकाराच्या पानावर १४ पॉइंटच्या अक्षरात साधारण २२० ते २५० शब्द मावतात. फोटो आणि वंशावळ यांना पाच-सहा पाने गेली तर मजकूर अडीच हजार शब्दांच्या आतच हवा. फोनवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये बदलला की जोडाक्षरे फुटतात. रफार, 'श्र', 'ऱ्य' आणि 'ॲ' हमखास बिघडतात. छापण्याआधी कागदावर प्रूफ घ्या आणि दोघांनी मिळून तपासा, एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ हस्तलिखितावर बोट ठेवायचे. पहिल्या पानावर तिची दोन्ही नावे हवीत, माहेरचे आणि सासरचे. लग्नात नाव बदललेल्या बाईचे पहिले नाव नातवंडांना बहुधा माहीतच नसते. ते माहीत नसेल तर पुढचा कागदपत्रांचा शोधही अडतो.

प्रश्न : आजीच्या आधारकार्डावर १ जानेवारी आहे, शाळेच्या दाखल्यावर १ जून. ती म्हणते दोन्ही खोटे. खरी जन्मतारीख कशी काढायची? (एक नात, सातारा जिल्हा)

आजीचे बरोबर आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मुलाला घेऊन आलेल्या माणसाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी वय बसेल असे साल धरून १ जून लिहीत. त्या पिढीत १ जूनचे वाढदिवस घराघरांत सापडतात ते यामुळे. नुसते अंदाजे वय सांगितले की १ जानेवारी पडते. साल मात्र एक-दोन वर्षांच्या फरकाने उपयोगी असते, ते फेकून देऊ नका.

आता तारीख विचारूच नका. 'त्या वेळी तुम्ही कुठे होता' असे विचारा आणि साऱ्या गावाला ठाऊक असलेल्या घटनांना तिचे आयुष्य बांधत जा. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात सर्वांत भक्कम खुंटी म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. पुण्याकडच्यांना पानशेत, १२ जुलै १९६१. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचे राज्य संपले ते, आणि पुढच्या पिढीसाठी किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. बौद्ध कुटुंबांत १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षा आणि ६ डिसेंबर १९५६ हे दोन दिवस घरच्या जन्म-मृत्यूइतके पक्के लक्षात असतात. १९७२चा दुष्काळ सगळीकडेच चालतो. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामे, पाझर तलाव यांपैकी एक शब्द काढला तरी आठवणी येतात. पैशांचीही खूण आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. 'लग्नातल्या बांगड्या चार आण्याला डझन' असे आजी म्हणाली तर घाई करू नका, लोक पुढेही कित्येक वर्षे पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत.

एक उदाहरण घेऊ. आजी सांगते : कोयनेच्या भूकंपाला थोरली पोटात होती, लग्नाला तीन वर्षे झाली होती, आणि स्वातंत्र्याच्या मिरवणुकीत मी वडिलांच्या खांद्यावर होते. पहिल्या वाक्यावरून थोरलीचा जन्म डिसेंबर १९६७ ते सप्टेंबर १९६८ यांतला. तिच्या दाखल्यावर १ जून १९६८ असेल तर साल जुळले. लग्न मग १९६४च्या उन्हाळ्यातले किंवा १९६४-६५च्या लग्नसराईतले. खांद्यावर बसणारे मूल दोन ते चार वर्षांचे, म्हणजे जन्म १९४३ ते १९४५. इथे आणखी एक विचारा : मिरवणूक तुम्हाला स्वतःला दिसते, की कोणी सांगितली? स्वतःला दिसत असेल तर तेव्हा ती बहुधा तीन वर्षांच्या पुढची, आणि साल १९४४च्या अलीकडे येत नाही. अशा तीन-चार दोऱ्या एकाच सालाशी आल्या की ते लिहा. दोनच आल्या तर 'सुमारे' लिहा. 'सुमारे १९४४' हे खोट्या १ जूनपेक्षा खरे आहे.

पत्रिका किंवा जुनी वही मिळाली तर त्यात शके असेल. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८६९ श्रावण म्हणजे १९४७. शके १८६९ माघ मात्र १९४८, आणि इथेच बहुतेकांचे एक वर्ष चुकते. शकाचा आकडा पुसला असेल पण संवत्सराचे नाव वाचता येत असेल तरी चालते, कारण तेच नाव साठ वर्षांनी परत येते. शके १८६९चे सर्वजित् होते, ते पुन्हा २००७ला आले. एका माणसाच्या आयुष्यात साठ वर्षांची चूक लपत नाही.

'मी अधिकातली' असे आजी म्हणाली तर नशीब समजा. अधिक महिना सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो आणि दर वेळी वेगळा महिना असतो. अधिक श्रावण १९४७ला होता, १५ ऑगस्ट त्यातच आला, त्यानंतर तो १९५८ला आणि १९६६ला आला. मधे नाही. सिंहस्थाचीही मदत होते. गुरू सिंह राशीत असताना पुष्कळ घरांत लग्ने करत नाहीत. १९५६ आणि १९६८च्या आसपासचे सिंहस्थ ध्यानात ठेवले तर 'सिंहस्थ लागायच्या आधी उरकून घेतलं' या वाक्यातून लग्नाचे साल निघते.

शेवटची खबरदारी : पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी रात्री दोनला झालेला जन्म पंचांगाने मंगळवारचाच, इंग्रजी तारखेने मात्र बुधवारचा. तिथीवरून तारीख काढून वार एका दिवसाने चुकत असेल तर कारण बहुधा हेच.

प्रश्न : पणजीचा एकही कागद घरात नाही. शोध कुठून सुरू करू? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

भांड्यांपासून. लग्नात, मुंजीत, बारशाला आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, कोणाला दिले, निमित्त आणि तारीख कोरून घ्यायची पद्धत होती. तांब्याच्या गळ्याखाली, पातेल्याच्या काठाला बाहेरून, परातीच्या मागे बघा. छिन्नीने हाताने कोरलेली अक्षरे सलग, थोडी तिरकी असतात. यंत्राने घातलेली ठिपक्याठिपक्यांची असतात आणि बहुधा नंतरच्या काळातली, स्टीलच्या भांड्यांवर तर सर्रास. नाव वाचता येत नाही म्हणून चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, आधीच झिजलेली अक्षरे आणखी झिजतात. भांडे कोरडे पुसा, अंधाऱ्या खोलीत टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका आणि फोटो काढा. तरीही दिसले नाही तर चिमूटभर तांदळाचे पीठ बोटाने अक्षरांवर फिरवून वरचे पुसून टाका. खोबणीत पीठ राहते आणि नाव पांढरे उमटते. 'चि. सौ. कां.' अशी सुरुवात असेल तर ते भांडे लग्नातले आणि त्यापुढचे नाव बहुधा माहेरचे.

मग कागद. तिच्या माहेरच्या जमिनीचे फेरफार काढा. वडील वारल्यावर वारसांची नोंद झाली असेल किंवा बहिणींनी हक्कसोड दिले असेल तर तिथे मुलींची नावे सासरच्या नावानिशी येतात, आणि त्यावरून तिच्या बहिणीही सापडतात. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. नावाने शोधू नका. त्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच, 'अमक्याला मुलगी' एवढेच असते. वडिलांच्या नावाने आणि तुम्ही काढलेल्या सालाच्या मागेपुढे दोन वर्षे असे बघत जा. शाळेत गेली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात गाव आणि शाळा सोडल्याचे कारण असते. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला घरचे कोणी गेले असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कुटुंबाची पाने असू शकतात. गाव, आडनाव आणि आजोबांचे नाव सांगितले की ते वही काढतात.

प्रश्न : आजी ८६ वर्षांची आहे, जात्यावरच्या ओव्या येतात. फोन पुढे धरला की 'काही आठवत नाही' म्हणते. (एक नातू, बीड जिल्हा)

खुर्चीवर बसून ओवी आठवत नाही. ती हाताच्या फिरण्याला बांधलेली असते. जाते असेल तर मांडा, नसेल तर शेजारून आणा. त्यात मूठभर जोंधळे घाला. रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि जातेही खराब होते. आजीला ओढायला लावू नका, खुंट्यावर नुसता हात असू द्या आणि समोर दुसरी बाई बसवा, शक्यतो तिच्याच वयाची. एकीने धरली की दुसरी उचलते.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात फोन येऊन रेकॉर्डिंग तुटते. तो जात्यापासून दूर, आजीच्या तोंडापासून दीड-दोन हातांवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. फरशीवर ठेवला तर जात्याची घरघरच भरते. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर आधी उतरवून घ्या. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि तिची माहेरची आणि सासरची नावे बोला. साध्या सेटिंगवर तासाला ६० एमबीच्या आसपास जागा लागते, डब्ल्यूएव्हीमध्ये घेतले तर ३०० एमबीच्या पुढे. जागा असेल तर डब्ल्यूएव्हीच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा.

एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणते, 'काल एक राहिली.' रात्री आठवलेल्या ओव्या सर्वांत चांगल्या असतात, त्यासाठी दुसरी बैठक ठेवाच.

उतरवताना भाषा सुधारू नका. 'म्या', 'व्हतं', 'बंधवाचं' जसे आले तसे. शब्द कळला नाही तर जागा रिकामी सोडून तिलाच विचारा. तासाभराचे बोलणे हाताने उतरवायला चार-सहा तास लागतात, तेवढे धरून चला. ओवीत भावाचे, मुलाचे, गावाचे नाव येते. ते नाव खरे कोणाचे हे तिथल्या तिथे विचारून समासात लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात गाणारणीचे नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदवले आहे. घरच्या वहीतही तीच शिस्त पाळा.

प्रश्न : सासूबाईंच्या मसाल्याचे प्रमाण 'मूठभर, चिमूटभर' आणि 'दीड शेर'. हे ग्रॅममध्ये कसे आणायचे? (एक सून, पुणे)

त्यांचा हात थांबवून मोजू नका, थांबवले की हात बदलतो. डबा मोजा. प्रत्येक डबा आधी किचनच्या काट्यावर ठेवून वजन लिहा, त्यांना नेहमीसारखे करू द्या, मग पुन्हा ठेवा. धण्यांचा डबा १,८४० ग्रॅम होता तो १,४९० झाला, म्हणजे ३५० गेले. दगडफूल, नागकेशर, जायपत्री यांसाठी एक ग्रॅम दाखवणारा काटा लागतो, मोठ्यावर ते दिसतच नाही. दोन-तीन वेळा मोजून बघा, फरक कुठे पडतो ते विचारा. 'यंदा मिरची कमी तिखट आहे म्हणून' असले उत्तर येईल. ते उत्तर कृतीतच लिहा.

शेराचे सांगायचे तर तो वजनाचाही असे आणि मापाचाही, आणि मापाचा शेर गावागणिक वेगळा. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे नाते ठरलेले, पण त्या शेरात किती मावते ते पुस्तकातून घेऊ नका. त्यांचे स्वतःचे माप काठोकाठ पाण्याने भरून वजन करा, रिकाम्या मापाचे वजन वजा करा, उरले जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. आणि माप सपाट भरायच्या की शीग लावून, हे विचारल्याशिवाय उठू नका. प्रमाण फसते ते बहुधा शिगेमुळे.

प्रश्न : आईचा एकच फोटो आहे, तो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. (एक मुलगी, रत्नागिरी जिल्हा)

ओढू नका. दमट हवेत फोटोवरचा थर मऊ होऊन काचेला धरतो, कागद ओढला की चेहरा काचेवर राहतो. काचेसकट फ्रेममधून काढा, काच बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि तशीच स्कॅनरवर ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नको, फोनचा फ्लॅश बंद करून, समोर काळे कापड धरून फोटो काढा म्हणजे काचेत तुमची सावली दिसत नाही. मूळ फोटो काचेसह कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटोही नखाने उचलू नका. मेण नसलेला दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू हळू ओढत न्या.

प्रश्न : आत्या म्हणते आजीला पहिल्या मुलाच्या वेळी फार सोसावे लागले, मूलही राहिले नाही, ते लिहा. वडील म्हणतात लिहू नका. (एक नात, नागपूर जिल्हा)

आजी हयात असेल तर निर्णय तिचा, आणि तो एकदाच विचारून चालत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी बोलून गेलेले माणूस नंतर मागे घेते. उतरवलेला मजकूर तिला वाचून दाखवा. 'एवढं नको' म्हणाली तर ते पान छापायच्या प्रतीतून काढा आणि मूळ रेकॉर्डिंगही तिला विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नका.

आजी नसेल तर दोन प्रती करा. सगळ्यांना वाटायच्या पुस्तिकेत घडले तेवढेच, कोणाला दोष न लावता : साल, बाळ किती दिवस होते, बाळाचे नाव ठेवले होते का. आत्याचे म्हणणे आत्याच्या शब्दांत, तिच्या नावाने आणि तारखेसह घरच्या वहीत. वडिलांचे म्हणणे वेगळे असेल तर तेही त्याखाली त्यांच्या नावाने. दोन्हीची सरासरी काढून तिसरेच काही लिहू नका.

त्या बाळाला वंशावळीत मात्र जागा द्या. आजीची मुले मोजताना घरचे 'चार' म्हणतात, तिला स्वतःला विचारले असते तर ती 'पाच' म्हणाली असती.